पट्ट्याने किती वजन उतरेल?

२०११ साली अमेरिकेत वजन कमी करण्यासाठी सुमारे १ लाख ५८ हजार शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतल्या ३५ टक्क्यांहून थोड्या अधिक गॅस्ट्रिक बँडच्या, म्हणजे जठराभोवती पट्टा बसवण्याच्या होत्या. २०१८ पर्यंत हा वाटा जेमतेम १ टक्क्यावर आला. या सात वर्षांत पट्ट्यावर बंदी आली नव्हती. सरकारने त्याची मान्यताही काढून घेतली नव्हती. पट्टा होता तसाच होता आणि साधारण पहिल्या दशकातल्या अभ्यासांत उतरलं होतं तेवढंच वजन उतरवत होता. त्यातून उद्भवणाऱ्या गुंतागुंती हे त्याच्या पीछेहाटीचं मोठं कारण आहे, ते पुढे येईलच. पण पट्ट्याच्या चाळीस वर्षांच्या नोंदी वाचताना मला सारखं वाटत राहिलं, की ‘किती उतरेल?’ या साध्या प्रश्नाला रुग्णाला कळेल असं उत्तर फार थोड्यांनी दिलं, आणि पट्ट्याच्या वाट्याला आलेली निराशा बरीचशी तिथूनच आली.

सुरुवात आशेची होती आणि ती आशा खोटी नव्हती. त्याआधीच्या शस्त्रक्रियांमध्ये आतड्याचा मोठा भाग वगळला जायचा किंवा जठर कापून जोडावं लागायचं. आयोवा विद्यापीठातल्या एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये गॅस्ट्रिक बायपास केला, तेव्हा पोट उभं उघडूनच काम व्हायचं. मूळचे युक्रेनचे आणि न्यू जर्सीत काम करणारे ल्युबोमिर कुझमाक यांनी १९८३ पासून सिलिकॉनचा पट्टा वापरायला घेतला आणि १९८६ मध्ये त्याच्या आतल्या बाजूला फुगवता येणारा कप्पा जोडला. स्वीडनमध्ये डॅग हॉलबर्ग आणि पीटर फोर्सेल याच दिशेने काम करत होते. मग १९९३ च्या सप्टेंबरमध्ये बेल्जियममधल्या हुई या लहानशा शहरात, इथिओपियात जन्मलेले मितिकू बेलाच्यू यांनी असा सैल-घट्ट करता येणारा पट्टा दुर्बिणीतून बसवला. काप लहान, रुग्ण लवकर घरी, काही कापलं-जोडलं नाही आणि वेळ पडली तर पट्टा काढूनही टाकता येतो. ज्यांना बायपासची धास्ती वाटत होती त्यांना हे केवढं जवळचं वाटलं असेल!

पट्टा बसतो जठराच्या अगदी वरच्या टोकाला. त्याच्या वर छोट्या वाटीपेक्षाही कमी मावेल एवढा कप्पा राहतो आणि खाली उरलेलं जठर. पट्ट्यापासून निघालेली नळी कातडीखाली बसवलेल्या पोर्टला जोडलेली असते. डॉक्टर त्या पोर्टमध्ये सुई घालून सलाइन भरतात, की पट्टा आवळतो. काढलं की सैल होतो. बटव्याची नाडी ओढावी तसं हे दिसतं, म्हणून बहुतेकांना वाटतं की अन्न अडवणं एवढंच याचं काम. मेलबर्नचे पॉल ओब्रायन आणि त्यांचे सहकारी मात्र वर्षानुवर्षं सांगत आले, की नीट भरलेला पट्टा अन्न अडवत नाही. घास त्यातून पुढे जाताना जठराच्या वरच्या भागावर जो दाब पडतो, त्यातून भूक शमल्याची जाणीव मेंदूपर्यंत जाते. म्हणून लहान घास, बारीक चावणं, दोन घासांमध्ये थांबणं आणि अर्ध्या ताटावर उठणं. हे जमलं तर आठवड्याला अर्धा ते एक किलो या बेताने वजन उतरतं आणि दोन-तीन वर्षांनी स्थिरावतं. हे मंद काम आहे. बायपास किंवा स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापणारी शस्त्रक्रिया) झालेल्या माणसाचे कपडे सहा महिन्यांत ढगळ होतात. पट्टेवाल्याचे होत नाहीत, आणि शेजारीपाजारी विचारायला लागतात.

आता तो आकडा. पट्ट्याच्या निकालांची सगळी भाषा ‘अतिरिक्त वजनाच्या इतके टक्के’ अशी होती. अतिरिक्त म्हणजे तुमचं वजन वजा तुमचं ‘आदर्श’ वजन. हे आदर्श वजन पूर्वी अमेरिकेतल्या मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीच्या तक्त्यावरून काढत आणि पुढे बीएमआय २५ धरून. एक उदाहरण घेऊ. १६० सेंटिमीटर उंचीची आणि ११० किलो वजनाची बाई. तिचा बीएमआय ४३. बीएमआय २५ म्हणजे ६४ किलो, म्हणून अतिरिक्त वजन ४६ किलो. ओब्रायन यांच्या गटाने २०१३ मध्ये मांडलेला दीर्घकाळचा निकाल ४७ टक्के होता. ४६ च्या ४७ टक्के म्हणजे साडेएकवीस किलो. ती बाई ८८ किलोवर येऊन थांबेल. पण ४७ टक्के हा शब्द तिच्या कानावर पडतो तेव्हा ती ११० चे ४७ टक्के काढते आणि तिच्या डोळ्यांसमोर ५८ किलो उभं राहतं. डॉक्टर ज्याला उत्तम निकाल म्हणतात आणि ती ज्याची वाट पाहते, त्यात ३० किलोंचं अंतर आहे. दोघंही खोटं बोलत नाहीत.

आपल्याकडे तर आणखी एक घोळ आहे. भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, कारण मधुमेह आपल्याला कमी वजनावरच गाठतो. आदर्श वजनासाठी २३ धरलं तर त्याच बाईचं आदर्श वजन ५९ च्या आसपास येतं आणि तेच साडेएकवीस किलो ४७ ऐवजी ४२ टक्के ठरतात. शरीर तेच, निकाल तोच, आकडा वेगळा. मला हे मोजमाप रुग्णांसाठी पहिल्यापासून गैरसोयीचं वाटत आलं आहे. एकूण वजनाच्या किती टक्के, हे सांगणं सरळ. आमच्या उदाहरणात ते २० टक्क्यांच्या आत येतं. अलीकडचे बरेच अभ्यास हेच मोजमाप वापरतात ही चांगली गोष्ट आहे.

अपेक्षा किती मोठ्या असतात हेही मोजलं गेलं आहे. गॅरी फॉस्टर, थॉमस वॉडन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ६० स्थूल स्त्रियांना उपचारांआधी विचारलं, की किती वजनावर तुम्ही समाधानी व्हाल आणि किती वजनावर निराश? त्यांचं ध्येय सरासरी ३२ टक्के वजन घटवण्याचं होतं. १७ किलो उतरले तर त्या निराश होणार होत्या. ४८ आठवड्यांच्या उपचारांनंतर सरासरी १६ किलो उतरले. त्यांतल्या जवळपास निम्म्या स्त्रिया स्वतःच ठरवलेल्या ‘निराशेच्या’ वजनापर्यंतही पोचल्या नाहीत. हे शस्त्रक्रियेविना. शस्त्रक्रियेसाठी बोस्टनच्या दोन केंद्रांत आलेल्या रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांची अपेक्षा सरासरी ३८ टक्के वजन उतरण्याची होती आणि निदान २६ टक्के उतरलं नाही तर निराश होऊ असं त्यांनी सांगितलं.

या २६ टक्क्यांशेजारी पट्ट्याचे आकडे ठेवून पाहा. स्वीडनच्या एसओएस या मोठ्या अभ्यासात पट्ट्याच्या गटाचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत २० टक्के उतरलं आणि १० वर्षांनी ते १४ टक्क्यांवर स्थिरावलं. बायपासचं २५ टक्क्यांवर. अमेरिकेतल्या लॅब्स अभ्यासात ७ वर्षांनी पट्ट्याचा आकडा १४.९ टक्के होता, बायपासचा २८.४. म्हणजे देश वेगळे, काळ वेगळा, तरी आकडा फार हलत नाही. पट्ट्याचं मनापासून स्वागत करणारी माणसं पहिल्या दिवसापासून निराशेच्या वाटेवर होती आणि ते आधीच सांगता आलं असतं.

सांगितलं मात्र उलटंच गेलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००१ च्या जूनमध्ये लॅप-बँड या पट्ट्याला मान्यता दिली. ज्या चाचणीवर ती दिली, त्यात २९९ रुग्णांचं अतिरिक्त वजन तीन वर्षांनी ३६ टक्के उतरलं होतं, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या निकालांपेक्षा कितीतरी कमी. तरीही बाजार भरात आला. २००७ मध्ये दुसऱ्या कंपनीचा रियलाइझ बँड आला. २०११ च्या फेब्रुवारीत बीएमआय ३० असलेल्यांनाही, सोबत एखादा आजार असेल तर, लॅप-बँडची मुभा मिळाली. दक्षिण कॅलिफोर्नियात महामार्गांवर बारीक होण्याची हाक देणारे फलक लागले आणि त्यांवर टेलिफोन क्रमांक. धोक्यांची माहिती त्या जाहिरातींत पुरेशी नाही म्हणून प्रशासनाने त्याच वर्षीच्या डिसेंबरात शस्त्रक्रिया केंद्रांना आणि जाहिरात करणाऱ्यांना ताकीद दिली. एखादा माणूस आयुष्यभर हिणवला गेलेला असतो, बसमध्ये, लग्नात, डॉक्टरच्या दारातही. त्याच्यासमोर असा फलक उभा करणं मला क्रूर वाटतं.

ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका यांच्या निकालांतल्या फरकाचं कारण शोधलं, तर एक गोष्ट ठळक दिसते. मेलबर्नच्या गटाने पट्टा बसवणं हा उपचाराचा आरंभ मानला. सलाइन किती भरायचं ते पुन्हा पुन्हा तपासायचं, रुग्णाने आयुष्यभर येत राहायचं. जिथे शस्त्रक्रियेचे पैसे मिळाले की नातं संपलं, किंवा रुग्ण सीमेपलीकडे मेक्सिकोत पट्टा बसवून परतला आणि गावात पोर्टला सुई लावायला कोणी नव्हतं, तिथे पट्टा एक तर सैल राहिला किंवा जास्त आवळला. सैल राहिला की भूक होती तशीच. जास्त आवळला की मऊ भात, ताजी पोळी, मटणाचा तुकडा घशाखाली अडकतो, ओकारी येते, पण आइस्क्रीम, मिल्कशेक आणि आपल्याकडची बासुंदी सुरळीत उतरते. मग माणूस जे उतरतं ते खातो आणि वजन वाढतं. अशा रुग्णाला ‘तुम्हीच नियम पाळले नाहीत’ असं ऐकवलं गेलं. त्याचा पट्टा चुकीचा भरला होता हे कमीच तपासलं गेलं.

गुंतागुंतींचं पारडं मात्र जड होत गेलं, आणि इथे पट्ट्याची बाजू घेता येत नाही. पट्टा घसरतो, वरचा कप्पा फुगतो, नळी गळते, पट्टा जठराच्या भिंतीत रुतून आत शिरतो. ब्रुसेल्समधल्या झाक हिम्पेन्स आणि सहकाऱ्यांनी १९९४ ते १९९७ मध्ये पट्टा बसवलेल्या रुग्णांना १२ वर्षांनी पुन्हा गाठलं. सापडलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांचा पट्टा काढावा लागला होता. ज्यांची वाखाणणी होते त्या मेलबर्नच्या मालिकेतही दहा वर्षांत १०० पैकी ४३ जणांना फेरशस्त्रक्रिया लागली. अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेतल्या २५ हजारांहून अधिक पट्टेवाल्यांचा हिशेब २०१७ मध्ये मांडला गेला. पट्ट्यावर झालेल्या खर्चातला जवळजवळ निम्मा फेरशस्त्रक्रियांवर गेला होता. ‘काढता येतो’ हे सुरुवातीचं आश्वासन खरं ठरलं, फक्त ते वेगळ्या अर्थाने.

तोवर स्लीव्ह आली होती. जठराचा मोठा भाग कापून अरुंद नळी उरवणारी ही शस्त्रक्रिया परत फिरवता येत नाही. तरी पोर्ट नाही, सलाइन नाही, वजन भराभर उतरतं. लॅप-बँडच्या कंपनीने पट्ट्याचा धंदा २०१३ मध्ये विकला, पाच वर्षांनी नव्या मालकानेही विकला. भारतात आज स्लीव्ह आणि बायपास यांवरच भर आहे. ब्रिटनमधल्या बाय-बँड-स्लीव्ह या चाचणीचे तीन वर्षांचे निकाल २०२५ मध्ये आले. निम्मं अतिरिक्त वजन घालवणारे बायपासमध्ये ६८ टक्के, स्लीव्हमध्ये ४१ आणि पट्ट्यात २५ निघाले. पट्ट्यापुरता निर्णय झाला असं यानंतर म्हणायला हरकत नाही.

तरीही पट्टा कुचकामी होता असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. जॉन डिक्सन यांनी मेलबर्नमध्ये केलेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नुकताच मधुमेह जडलेले ६० रुग्ण होते. पट्टा बसवलेल्यांपैकी ७३ टक्क्यांचा मधुमेह दोन वर्षांत ओसरला, नेहमीच्या उपचारांवरच्या गटात १३ टक्क्यांचा. ज्याची साखर आटोक्यात आली, झोपेतलं घोरणं थांबलं, जिना चढताना गुडघा बोलायचा थांबला, त्याच्यासाठी १५ टक्के हा मोठा आकडा आहे. आरशाला तो पुरत नाही, एवढंच.

आणि आता तोच आकडा दुसऱ्या रूपात समोर आला आहे. सेमाग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनच्या २०२१ मधल्या चाचणीत ६८ आठवड्यांनी वजन सरासरी १४.९ टक्के उतरलं. लॅब्समध्ये सात वर्षांनी पट्ट्याने दाखवलेला आकडाही हाच, अगदी दशांशापर्यंत. रुग्णगट वेगळे, मुदत वेगळी, म्हणून दोन्ही उपचार सारखे ठरत नाहीत. पण एकाला आपण फसलेला उपाय म्हणतो आणि दुसऱ्याला क्रांती, हे लक्षात घ्यायला हवं. इंजेक्शन बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला, हेही त्याच चाचणीच्या पुढच्या टप्प्याने दाखवलं. पट्टा काढल्यावरही बहुधा तसंच होतं. २०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोव्ही ही इंजेक्शनं भारतात आली. आता मुंबई-पुण्यात दवाखान्याबाहेर पडताना लोक पुन्हा ‘किती उतरेल?’ हेच विचारताहेत. त्यांना किलोत उत्तर द्यावं, पहिल्या वर्षाचं आणि दहाव्या वर्षाचं वेगवेगळं द्यावं, आणि ‘किती उतरलं नाही तर तुम्हाला वाईट वाटेल?’ हा फॉस्टर यांचा प्रश्न आधी विचारावा.

जगभरात लाखो माणसांच्या पोटात अजून पट्टा आहे आणि तो बसवणारे बरेच शल्यचिकित्सक निवृत्त झाले आहेत. पट्टा असलेल्यांनी त्याची कंपनी, आकार आणि शेवटचं सलाइन किती मिलिलिटर भरलं, हे लिहिलेला कागद जवळ ठेवावा. पाण्याचा घोटही उलटून पडायला लागला किंवा पोटात सतत दुखू लागलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावं. पोर्टमध्ये योग्य सुई घालून सलाइन काढायला काही मिनिटं लागतात. आपत्कालीन विभागातल्या तरुण डॉक्टरने पट्टा कधी पाहिलेला नसेल, तर त्या कागदावरून त्याला सगळं कळेल.