पंपाची थरथर आणि विजेचा हिशेब

यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगाव तालुका हा पऱ्हाटीचा आणि तुरीचा मुलूख. बेंबळा नदीवरील मोठे धरण याच तालुक्यात उभे राहिले. तरीही कालव्याचे पाणी पोचत नाही अशा शिवारात ओलिताची सारी भिस्त विहिरीवर आणि तिच्यावरील विद्युत पंपावर असते. शेतीच्या अर्थकारणाची चर्चा निघाली की कापसाचा भाव, बियाणे, खते आणि कर्ज यांचा ऊहापोह होतो. विहिरीच्या काठावर घरघरत, थरथरत चालणारी मोटार मात्र कोणाच्याच हिशेबात नसते. वस्तुतः त्या थरथरीत शेतकऱ्याचा वेळ, पैसा आणि पाणी ही तिन्ही झिजत असतात.

मोटारीची थरथर म्हणजे तिला दिलेल्या शक्तीचा काही भाग पाणी उचलण्याऐवजी भलत्याच ठिकाणी खर्च होत असल्याची खूण होय. सर्वसाधारण पंपाची मोटार मिनिटाला सुमारे २,८८० फेरे घेते. शाफ्ट किंचित वाकला असेल, बेअरिंग झिजले असेल किंवा इम्पेलरची एक बाजू खाल्ली गेली असेल, तर या वेगात तो अल्प दोषही मोठा धक्का होऊन बसतो. कारण असमतोलाचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. बाभुळगावसारख्या भागात त्यात जमिनीची भर पडते. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा मातीवर उथळ पाया घालून बसविलेला पंप दोनचार वर्षांत कलतो, नटबोल्ट सैल होतात, नळांचे ओझे पंपाच्या तोंडावर येते, आणि मोटार व पंप जोडणीने एकत्र आणले असतील तर दोघांचे शाफ्ट एका रेषेत राहत नाहीत.

दुसरे कारण पाण्याच्या पातळीचे. हवेच्या दाबाच्या आधारे काठावरचा पंप व्यवहारात सहासात मीटरपेक्षा अधिक खोलीवरून पाणी नीट ओढू शकत नाही. उन्हाळ्याकडे विहिरीचा तळ दिसू लागला की पंपात वाफेचे बुडबुडे उठतात व फुटतात. आतून खडे खुळखुळल्यासारखा आवाज येतो आणि इम्पेलरला खड्डे पडतात. पंप खालच्या टप्प्यावर उतरविणे, ओढनळी आखूड व पुरेशा व्यासाची ठेवणे आणि घर्षण कमी करणारा फुटव्हॉल्व्ह बसविणे, हे उपाय साधे व स्वस्त आहेत. पाणबुडी पंपाने ओढनळीची अडचण टळते. परंतु त्याचे कंपन पाण्याखाली दडते, आणि मोटार जळेपर्यंत दोषाचा पत्ता लागत नाही.

तिसरे कारण मात्र एकट्या शेतकऱ्याच्या हाती नाही. ते तारांतून येते. तीन फेजांचे व्होल्टेज समान नसेल तर मोटारीत उलट्या दिशेचे बल निर्माण होऊन ती सेकंदाला शंभर वेळा हादरे घेते. अवघ्या तीन टक्क्यांच्या असमतोलाने वाइंडिंगच्या तापमानातील वाढ सुमारे अठरा टक्क्यांनी चढते. आणि दर दहा अंश जादा उष्णतेमागे वाइंडिंगच्या आवरणाचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. व्होल्टेज वीस टक्क्यांनी घसरले तर मोटारीचे पिळबल ६४ टक्क्यांवर येते. एक फेज गेल्यावर कंडेन्सर लावून दोन फेजांवर मोटार रेटणे, म्हणजे तर जळण्याला दिलेले आमंत्रणच. मग मोटार भरून घ्यावी लागते. त्या कामात तारेची जाडी बदलली किंवा जुनी तार जाळून काढताना गाभा भाजला, तर तीच मोटार पूर्वीपेक्षा अधिक वीज खाऊ लागते.

या अपव्ययाचे मोल किती, हे साध्या गणिताने पाहता येते. समजा, एक पंप चार किलोवॉट वीज घेतो आणि पाणी एकूण पंधरा मीटर उचलतो. मोटार, पंप आणि नळ यांची मिळून कार्यक्षमता तीस टक्के असेल, तर आठ तासांत सुमारे २ लाख ३५ हजार लिटर पाणी वर येईल. ती पन्नास टक्के असेल, तर सुमारे ३ लाख ९० हजार लिटर. एक एकर जमिनीवर पाच सेंटिमीटर पाणी द्यावयास सुमारे दोन लाख लिटर लागतात. म्हणजे विहिरीला पाणी असेल तर त्याच आठ तासांत एका पंपाने सव्वा एकरही नीट भिजत नाही, तर दुसऱ्याने जवळजवळ दोन एकर भिजतात.

असे असूनही शेतकरी पंपाकडे लक्ष का देत नाही? याचे उत्तर अडाणीपणात नाही, ते विजेच्या दरात आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात शेतीपंपांना अश्वशक्तीनुसार ठोक दर लागू झाला, तेव्हाच वापरलेले युनिट आणि भरलेले बिल यांचा संबंध सैल झाला. २००४ मध्ये मोफत वीज जाहीर झाली आणि पुढच्याच वर्षी मागे घेतली गेली. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांची वीज पुन्हा मोफत झाली आहे. ज्या वस्तूला किंमत नाही, तिची बचत करण्यास कोणी प्रवृत्त होत नाही, हा अर्थशास्त्राचा पहिलाच पाठ होय. तथापि तो येथे अर्धाच लागू पडतो. युनिट फुकट असले तरी तास फुकट नाही. शेतीचा वीजपुरवठा वर्षानुवर्षे ठरावीक तासांचा आणि पुष्कळदा रात्रीचा राहिलेला आहे. साप-विंचवाच्या भीतीत बांधावर उभे राहून काढलेला तास वाया गेला, तर त्याची किंमत कोणत्याच बिलात दिसत नाही. हरभरा फुलावर असताना चुकलेली पाळी मात्र खळ्यावर दिसते.

दुसरा अडसर सामाईक मालकीचा. एका रोहित्रावर अनेक पंप असतात. वीज येताच ऑटो स्विचमुळे सारे पंप एकदम सुरू होतात, व्होल्टेज कोसळते, रोहित्र जळते आणि ऐन हंगामात साऱ्यांचेच ओलित खोळंबते. कपॅसिटर बसविण्याचे आवाहन महावितरण वारंवार करते. पण त्याचा खर्च एकाचा आणि लाभ सर्वांचा असल्याने प्रत्येकजण शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. गावच्या गायरानाचे जे होते, तेच रोहित्राचे होते.

म्हणून सुधारणा केवळ उपदेशाने होणार नाही. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा येथे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या प्रायोगिक योजनेत दोन हजारांहून अधिक जुने पंप शेतकऱ्यांकडून किंमत न घेता बदलून तारांकित पंप बसविण्यात आले. नव्या पंपांचे मोल विजेच्या बचतीतून भरून काढावे, ही त्यामागील कल्पना होती. फुकट विजेवर शासन खर्च करतेच; त्यातील अल्प हिस्सा रोहित्रनिहाय पंपतपासणीवर, पक्क्या पायांवर, कपॅसिटरवर आणि नळ बदलण्यावर खर्च झाला, तर तोच पैसा अनुदानाची गरज कमी करील. मोटार भरणाऱ्या कारागिरांना औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून अल्प मुदतीचे शिक्षण देणे, हाही त्याचाच भाग होय.

येथे एक आक्षेप रास्त आहे. पंप सुधारला आणि वीज फुकटच राहिली, तर विहिरी अधिक वेगाने उपसल्या जाणार नाहीत काय? हा धोका खरा आहे. आणि म्हणूनच पंपाच्या सुधारणेबरोबर ठिबक आणि पिकांची निवड यांचाही विचार झाला पाहिजे. परंतु भूजल वाचविण्यासाठी पंप नादुरुस्त ठेवणे हा काही मार्ग नव्हे. त्याने पाणी वाचत नाही. शेतकऱ्याची रात्र तेवढी लांबते. सौर पंप आले तरी हा प्रश्न सुटत नाही, कारण सूर्यप्रकाशाचेही तास मोजकेच आहेत. बाभुळगावच्या शेतकऱ्याला युनिटांची संख्या ऐकविण्यापेक्षा, त्याच्या पंपातून एका तासात किती पाणी येते आणि किती यावयास हवे, हे त्याच्याच विहिरीवर मोजून दाखविले, तर सुधारणेला तेथूनच आरंभ होऊ शकेल.