हातातील पडद्यावर चित्रपट : रूपांतराचे तंत्र आणि दक्षता

खेड्यापाड्यांपर्यंत चित्रपट पोहोचविण्यासाठी त्याचे रूप पालटण्याची प्रथा नवी नाही. चित्रपटगृहातील ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चित्रे मावतात. सेकंदाला २४ चित्रे या गतीने दोन तासांच्या चित्रपटास १०,८०० फूट, म्हणजे सव्वातीन किलोमीटरहून अधिक लांबीची फिल्म लागे. १६ मिलिमीटरच्या आवृत्तीत फुटाला ४० चित्रे बसत आणि ही लांबी ४,३२० फुटांवर येई. प्रसिद्धी खात्याच्या गाडीतून गावोगावी माहितीपट जाऊ शकले, ते या लहान आवृत्तीमुळेच. आज पडदा त्याहूनही लहान होऊन तळहातावर आला आहे. रूपांतराची गरज मात्र संपलेली नाही.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील एखाद्या शाळेची सहल वेरूळ किंवा अजिंठा येथे जावयाची असल्यास, त्यापूर्वी विद्यार्थ्यांना तेथील लेण्यांवरील माहितीपट दाखविणे उपयुक्त ठरते. परंतु जुन्या डीव्हीडीवरील फाइल टॅबलेटमध्ये उघडतच नाही, किंवा चित्र दिसते आणि आवाज येत नाही, असा अनुभव अनेकदा येतो. तासिका वाया जाते आणि दोष यंत्राला दिला जातो. वस्तुतः दोष यंत्राचा नसून फाइलच्या स्वरूपाचा असतो.

पेटी आणि लिपी

चित्रपटाची फाइल ही एक पेटी होय. तिच्यात चित्र, ध्वनी व उपशीर्षके स्वतंत्रपणे ठेवलेली असतात. चित्र ज्या सांकेतिक लिपीत लिहिले जाते, तिला कोडेक म्हणतात. डीव्हीडीवरील चित्र एमपीईजी-२ या लिपीत असते. मोबाइल संचांना सामान्यतः वाचता येते ती २००३ साली प्रमाणित झालेली एच.२६४ ही लिपी. ध्वनीसाठी एएसी आणि पेटी म्हणून एमपी४ निवडल्यास बहुतेक संचांवर अडचण येत नाही. केवळ फाइलचे नाव बदलल्याने लिपी बदलत नाही, हे ध्यानात ठेवावे. हँडब्रेकसारख्या विनामूल्य संगणक-प्रणालीच्या साहाय्याने हे रूपांतर करता येते.

आकाराचे गणित

दोन तासांत १,७२,८०० चित्रे होतात. १९२० गुणिले १०८० बिंदूंचे प्रत्येक चित्र जसेच्या तसे साठविल्यास सुमारे ६.२ मेगाबाइट जागा लागते. म्हणजेच संपूर्ण चित्रपटास हजार गिगाबाइटहून अधिक. कोडेक लागोपाठच्या चित्रांतील न बदललेला भाग पुन्हा लिहीत नाही आणि डोळ्यांस सहसा न जाणवणारे बारकावे वगळतो. लहान पडद्यासाठी बिंदूंची संख्याही कमी करता येते. ८५४ गुणिले ४८० बिंदू आणि सेकंदाला एक मेगाबिट हे प्रमाण ठेवल्यास तोच चित्रपट ध्वनीसह सुमारे एक गिगाबाइटमध्ये बसतो. ३२ गिगाबाइटपर्यंतच्या मेमरी कार्डांवर सामान्यतः चार गिगाबाइटहून मोठी एक फाइल ठेवता येत नाही, हेही पाहावे लागते.

तथापि बचतीलाही मर्यादा असते. अजिंठ्याच्या अंधाऱ्या भिंतींवरील रंगांच्या सूक्ष्म छटा अतिसंक्षेपात प्रथम नष्ट होतात आणि चित्रावर चौकटी उमटतात. ज्या चित्रकलेची ओळख करून द्यावयाची, तीच दिसेनाशी झाली तर रूपांतराचा हेतूच विफल होतो. अशा माहितीपटास दुप्पट जागा देणे योग्य. प्रथम अंधुक दृश्याचा एक मिनिटाचा भाग रूपांतरित करून प्रत्यक्ष त्याच संचावर तपासावा. अक्षरे वाचता येतात ना, ध्वनी व ओठांची हालचाल जुळते ना, हेही पाहावे.

हक्क आणि जतन

तंत्र साध्य झाले म्हणून अधिकार मिळतो असे नव्हे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. शैक्षणिक संस्थेत विद्यार्थी, पालक व कर्मचारी यांच्यापुरत्या प्रदर्शनास कायद्यात सवलत आहे. परंतु प्रती गावभर वाटण्यास ती लागू नाही. कुलूपबंद डीव्हीडीचे संरक्षण तोडण्यापेक्षा निर्मात्या संस्थेकडून परवानगीसह प्रत मागविणे श्रेयस्कर होय.

रूपांतर झाल्यावर मूळ प्रत मात्र काढून टाकू नये. वगळलेले बारकावे लहान फाइलमधून परत मिळत नाहीत. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’चा काही भागच आज उपलब्ध आहे, हे उदाहरण बोलके आहे. गावाचा उत्सव, ग्रामसभा किंवा पाणलोटाचे काम यांचे चित्रण पंचायतीकडे असल्यास त्याची मूळ प्रत दोन ठिकाणी सुरक्षित ठेवावी आणि वापरासाठी लहान प्रत काढावी. असे केल्यास आज तळहातावर दिसणारे गावाचे चित्र पुढील पिढीलाही स्पष्टपणे पाहता येईल.