शेपटीविना विमान, तेही घरी बांधलेलं?

भिवंडीत ‘ग्रे’ म्हणजे लूमवरून उतरलेलं, अजून प्रोसेसला न गेलेलं कापड. विमान कापडाचं असतं म्हटलं तर इथेही लोक हसतील. पण घरी बांधल्या जाणाऱ्या कित्येक हलक्या विमानांच्या सांगाड्यावर पॉलिएस्टरचं ग्रे कापडच चढवतात. ते हीट-सेट केलेलं नसतं, हीच त्याची खुबी. कडा चिकटवायच्या आणि वरून इस्त्री फिरवायची. आधी साधारण १२० अंश सेल्सिअसवर, शेवटी १७५ च्या आसपास. कापड आवळतं आणि टिचकी मारली की डफासारखं वाजतं. कुठलाही तागा मात्र चालत नाही, ताकद तपासलेलं प्रमाणित कापडच लागतं.

दुसरा समज जास्त पक्का आहे: शेपूट नसलेलं, म्हणजे नुसत्या पंखाचं विमान कॉम्प्युटरशिवाय सावरत नाही. अमेरिकेच्या बी-२ बॉम्बरमुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण फ्रान्सच्या शार्ल फोव्हेल यांचं एव्ही-३६ हे ग्लायडर १९५१ च्या अखेरीस उडालं, ते लाकूड आणि कापडाचं होतं. आराखडे विकत घेऊन हौशी लोकांनीही ते बांधलं. एकूण संख्या शंभरावर गेली. १९६० मध्ये त्याच घराण्यातलं इंजिनवालं एव्ही-४५ आलं.

युक्ती पंखाच्या मागच्या कडेत आहे. साध्या पंखाचा कल नाक खाली ढकलण्याकडे असतो आणि शेपूट ते सावरते. इथे मागची कड किंचित वर वळवलेली असते, ती शेपटीचं काम करते. त्यापायी थोडी उचल गमवावी लागते. वजनाचा मध्यबिंदूही अगदी अरुंद पट्ट्यातच ठेवावा लागतो. सामान जरा मागे सरकलं तरी विमान बेभरवशाचं होतं. अवघड भाग हा आहे, सुतारकाम नव्हे.

इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं कोसळतं, हाही गैरसमजच. मोटार ग्लायडरचं इंजिन वर चढण्यापुरतं असतं. पुढे पायलट ते मुद्दाम बंद करतो. एव्ही-३६ एक मीटर खाली येताना सुमारे २४ मीटर पुढे जातं. वारा नसेल तर भिवंडीवर एक किलोमीटर उंचीवरून निघालेलं असं ग्लायडर मुलुंडपर्यंत पोचेल. (गणितापुरतं, मुंबईच्या विमानतळाजवळच्या आकाशात असं कुणी जाऊ देणार नाही.)

‘आपल्याकडे परवानगीच मिळत नाही’ हे मात्र अर्धंच खरं. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. ते शेपटीचं, इंजिनवर चालणारं, म्हणजे वेगळ्या जातीचं. पण कागदपत्रांची वाट सारखीच. २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं. नोंदणी २०१७ मध्ये झाली आणि उड्डाणाचा परवाना हातात पडायला २०१९ चा ऑक्टोबर उजाडला.