आयर्लंडमधील स्थलनामांचा उच्चार

आयर्लंडमध्ये जाणाऱ्या प्रवाशाची तेथील गावांची नावे उच्चारताना जी फसगत होते, तिचे खापर बहुधा आयरिश लेखनपद्धतीच्या माथी फोडले जाते. लिहायचे एक आणि वाचायचे दुसरेच, असा तिच्यावर आक्षेप आहे. तो रास्त नाही. आयरिश लेखन तिच्या स्वतःच्या नियमांनी पाहिले, तर ते इंग्रजीहून पुष्कळच नियमबद्ध असल्याचे दिसून येते. घोटाळा होतो तो दोन भिन्न पद्धतींनी लिहिलेली नावे एकाच रोमन लिपीत शेजारी शेजारी नांदत असल्यामुळे. म्हणून समोरचे नाव कोणत्या पद्धतीने लिहिले आहे, हा प्रश्न आधी सोडवावा आणि मग उच्चाराकडे वळावे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या दुहेरी स्थितीचे कारण इतिहासात आहे. ब्रिटिश अमदानीत इ. स. १८२४ मध्ये आयर्लंडची भूमापन-मोहीम सुरू झाली आणि १८४६ पर्यंत मैलाला सहा इंच या प्रमाणाचे साऱ्या बेटाचे नकाशे सिद्ध झाले. नावांच्या शोधनासाठी जॉन ओडोनोव्हन या आयरिश पंडिताची १८३० मध्ये नेमणूक झाली. स्थानिक लोकांच्या तोंडून नाव ऐकावे, जुन्या कागदपत्रांशी ते ताडून पाहावे आणि मूळ आयरिश रूप निश्चित करावे, असा त्याचा क्रम असे. नकाशावर मात्र छापले गेले ते त्या नावाचे इंग्रजी वळणाचे रूप. अशी रूपे पूर्वीपासूनच प्रचारात होती. नकाशांनी त्यांना स्थैर्य दिले. पुढे स्वतंत्र आयर्लंडने अधिकृत आयरिश रूपे ठरविण्यासाठी १९४६ मध्ये स्थलनाम आयोग स्थापन केला. आज तेथील रस्त्यांच्या फलकांवर सामान्यतः वर तिरप्या अक्षरांत आयरिश नाव आणि खाली मोठ्या अक्षरांत इंग्रजी नाव असते. वरची ओळ वाचण्याचे नियम खालच्या ओळीला लावले, किंवा उलट केले, की चूक ठरलेलीच.

वरच्या ओळीचा विचार प्रथम करू. येथे भारतीय वाचकाला एक खास धोका आहे. रोमन लिपीत 'बी'पुढे 'एच' दिसला की आपण 'भ' वाचतो. आयरिशमध्ये हा 'एच' महाप्राणाचा नव्हे. आधीचे व्यंजन शिथिल होऊन घर्षक झाल्याची ती खूण आहे. जुन्या गेलिक मुद्राक्षरांत हीच खूण व्यंजनावर बिंदू देऊन दाखवीत. त्यामुळे 'बी-एच' आणि 'एम-एच' यांचा उच्चार 'व'सारखा, 'सी-एच'चा फारसी 'ख़'सारखा, 'टी-एच'चा 'ह' होतो, आणि 'जी-एच' व 'डी-एच' शब्दाच्या मध्ये वा शेवटी बहुधा लोप पावतात. 'सी-ओ-बी-एच' हे बंदर म्हणून 'कोभ' नव्हे, 'कोव्ह' होय. गंमत अशी की येथे शब्द मुळात इंग्रजीच आहे. लहान उपसागर या अर्थाच्या त्या शब्दाला केवळ आयरिश लेखनाचा पेहराव चढविला आहे. १८४९ ते १९२० या काळात हेच गाव क्वीन्सटाउन म्हणून ओळखले जात असे.

दुसरा नियम स्वरचिन्हांचा. आयरिशमध्ये प्रत्येक व्यंजनाचे तालव्य आणि अतालव्य असे दोन प्रकार मानतात, आणि शेजारची स्वराक्षरे तो भेद दाखवितात. म्हणजे स्वरांची जी गर्दी दिसते, तिच्यातील कित्येक अक्षरे स्वतः उच्चारण्यासाठी नसून व्यंजनाचा गुण सांगण्यासाठी असतात. 'एल-ए-ओ-आय-एस' या परगण्याचे नाव 'लीश' असे उच्चारतात. त्यातील 'आय' हे 'स'चा 'श' करण्यापुरते आहे. 'पैसा' आणि 'पैशाला' या रूपांतील फरक ज्याला परिचित आहे, त्याला या प्रकाराचे नवल वाटू नये.

तिसरा नियम सर्वांत उद्‍बोधक आहे. मराठीत विभक्तीने शब्दाचा शेवट बदलतो. आयरिशमध्ये मागील शब्दामुळे पुढच्याचा आरंभही बदलतो. या बदलाच्या एका प्रकाराला आयरिश व्याकरणात 'ग्रहण' अशा अर्थाचे नाव आहे. त्यात नवे व्यंजन मूळ व्यंजनाच्या आधी लिहितात आणि पहिलेच तेवढे उच्चारतात. आपल्या अभ्यासविषयाशी निकट संबंध असलेले उदाहरण घेऊ. भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचे प्रमुख जॉर्ज ग्रिअर्सन यांचा जन्म १८५१ मध्ये डब्लिनजवळील ग्लेनागिअरी येथे झाला. मूळ नावाचा अर्थ 'मेंढ्यांची दरी'. मेंढी या अर्थाचा शब्द 'क'ने आरंभ होतो. पण षष्ठीच्या अनेकवचनी उपपदानंतर त्याचा 'ग' होतो, आणि आयरिश लेखनात 'जी' व 'सी' ही दोन्ही अक्षरे जोडीने येतात. इंग्रजी रूपात केवळ ऐकू आलेला 'ग' उतरला. आयरिश लेखन परक्याला अवजड वाटते खरे, परंतु ते ध्वनी आणि व्युत्पत्ती दोन्ही सांभाळते. इंग्रजी लेखनात ध्वनी राहिला आणि मेंढ्या हरपल्या.

आता खालच्या ओळीकडे वळू. येथे मुख्य प्रश्न आघाताचा आहे. 'रामपूर' या नावात सामान्य पद शेवटी येते. आयरिशमध्ये ते आरंभी येते, आणि आघात पुढील विशेषक पदावर पडतो. म्हणून किल्केनी आणि किलार्नी यांत तो दुसऱ्या अवयवावर, तर आर्मा आणि बॅलिना यांत अखेरच्या अवयवावर असतो. मराठीत आघाताने अर्थभेद होत नसल्यामुळे आपण सर्व अवयव सारख्याच जोराने उच्चारतो, आणि ऐकणाऱ्याला नाव ओळखू येत नाही. इंग्रजी रूपांतील 'जी-एच' हे अनेकदा जुन्या घर्षक ध्वनीचे अवशेष असतात. ते काही नावांत 'ह' म्हणून उरले आहेत, जसे ड्रॉहडा व मॉनहन. काहींत पूर्ण लोपले आहेत, जसे यॉल व टॅला. अर्थाच्या बाबतीतही सावध असावे. आरंभीचे 'किल' चर्चवाचक असेल किंवा वनवाचकही असेल; 'बॅलि' म्हणजे नेहमी गाव नव्हे, बॅलिनामध्ये ते 'उताराचे मुख' या अर्थाच्या शब्दांपासून आले आहे.

हा प्रश्न केवळ प्रवाशाच्या सोयीचा नाही. आयरिशभाषी प्रदेशातील इंग्रजी नावांची अधिकृतता २००५ मध्ये संपुष्टात आली, तेव्हा केरी परगण्यातील डिंगल गावाने विरोध केला. २००६ च्या मतदानात रहिवाशांनी मोठ्या बहुमताने दुहेरी नाव मागितले आणि २०११ मध्ये कायद्याने दोन्ही रूपे मान्य झाली. मूळ रूप कोणते, हे व्युत्पत्तिशास्त्र सांगू शकते. लोकांनी आपल्या गावाला काय म्हणावे, हे ते ठरवू शकत नाही. डब्लिनजवळच्या एका बंदराचे आयरिश लेखन कायम ठेवून तेथील इंग्रजी बोलणारे लोक त्याला 'डन लिअरी' म्हणतात. आयरिश बोलणारा त्यातील स्वर वेगळे उच्चारील. यांपैकी एकही उच्चार अशुद्ध नव्हे. प्रवाशाने नियम जाणून घ्यावेत, ते स्थानिक उच्चार ऐकताना कान तयार असावा म्हणून. त्या गावच्या माणसाचा उच्चार सुधारण्यासाठी नव्हे.