गारठ्याआधी मुख्य व्हॉल्व्ह शोधून ठेवा

टेक्सासमध्ये नवं घर घेतलेल्या मराठी मंडळींना मी हमखास विचारते, पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे? बहुतेकांना ते ठाऊक नसतं. इथला उन्हाळा चाळिशीला टेकणारा, त्यामुळे घरंही त्याच हिशेबाने बांधलेली. पाण्याचे पाइप पुष्कळदा छपराखालच्या पोटमाळ्यातून किंवा बाहेरच्या भिंतीतून नेलेले असतात. एरवी काही बिघडत नाही.

पण १६ फेब्रुवारी २०२१ ला डॅलसमध्ये पारा उणे १९ अंश सेल्सियसवर उतरला. अनेक घरांतली वीज गेली, हीटर बंद पडले, पाइप गोठले. आमच्या शेजाऱ्यांना पाइप फुटल्याचं कळलं ते बर्फ वितळल्यावर. दिव्याच्या भोकातून धार लागली, छत फुगलं आणि ओल्या पुठ्ठ्यासारखं गालिच्यावर कोसळलं. व्हॉल्व्ह होता अंगणाच्या कडेला, मीटरच्या झाकणाखाली. तो सापडेपर्यंत पाणी वाहतच होतं.

गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. तरी पाइप बहुधा बर्फ धरतो तिथे फुटत नाही. बर्फाचा बोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढत जातो आणि पाइप तिथे फुटतो. म्हणून कडाक्याच्या रात्री बाहेरच्या भिंतीवरचे नळ, गरम-गार दोन्ही, थेंब थेंब चालू ठेवायचे. दाबाला वाट मिळते.

बाकीची तयारी सोपी आहे. पोटमाळ्यातल्या पाइपांना फोमचं आवरण घाला. बागेतली नळी काढून ठेवा, बाहेरच्या नळावर फोमचं टोपण बसवा. सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवा, म्हणजे घरातली ऊब पाइपांपर्यंत पोचते. घराचं तापमान १३ अंशांखाली जाऊ देऊ नका. डिसेंबरात भारतात जाणार असाल, तर हीटर चालू ठेवा आणि मुख्य व्हॉल्व्ह बंद करून नळांतलं पाणी काढून टाका.

पाइप गोठलाच, तर नळ उघडा आणि नळाकडच्या टोकापासून हेअर ड्रायरने हळूहळू शेक द्या. आगीची ज्योत पाइपाजवळ मुळीच नेऊ नका. पाइप फुटला असेल, तर आधी मुख्य व्हॉल्व्ह बंद करा.

तो व्हॉल्व्ह आजच शोधा आणि फिरतो का ते पाहा. भारतातून आलेले आई-बाबा दिवसभर घरी एकटे असतात. त्यांनाही तो दाखवून ठेवा.