चराचरांत ईश्वर की ईश्वरच नाही? सर्वेश्वरवाद आणि आधुनिक नास्तिकता



ईश्वर चराचरांत भरलेला आहे, हे आपण कीर्तन-प्रवचनांतून लहानपणापासून ऐकत आलो आहोत. घरातील शिकलेली मुले त्यावर एक नेमका प्रश्न विचारतात. दगड, झाड, प्राणी, तारे हे सर्वच जर ईश्वर असेल, तर 'ईश्वर' हे निसर्गाचेच दुसरे नाव झाले. मग ईश्वर नाही असे सरळ म्हणणाऱ्या माणसात आणि आपल्यात फरक काय उरला? हा प्रश्न उद्धटपणाचा नव्हे. युरोपात त्यावर साडेतीनशे वर्षे वाद होत आला आहे. त्याचा यथामति विचार करावा, या हेतूने आम्ही हा लेख सादर करीत आहोत.

शब्दांचा अर्थ

आपल्या दर्शनशास्त्रात 'नास्तिक' म्हणजे वेदांचे प्रामाण्य न मानणारा. म्हणूनच जगत्कर्त्या ईश्वराची आवश्यकता न मानणारी सांख्य व पूर्वमीमांसा ही दर्शनेही आस्तिकांत गणली गेली. आधुनिक नास्तिकता याहून निराळी आहे. तिचा नकार ग्रंथप्रामाण्याला नसून प्रत्यक्ष ईश्वराच्या अस्तित्वाला आहे. फ्रान्समधील बॅरन दॉलबाख यांनी १७७० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ती उघडपणे मांडली गेली. जड द्रव्य आणि त्याची गती यांतूनच सर्व घडते, त्यामागे कोणाचाही संकल्प नाही, हे तिचे सूत्र होय.

सर्वेश्वरवाद म्हणजे ईश्वर व विश्व ही दोन नसून एकच आहेत, हे मत. 'सर्वेश्वरवादी' या अर्थाचा इंग्रजी शब्द जॉन टोलंड यांनी १७०५ साली वापरात आणला. परंतु या मताचा सर्वांत मोठा युरोपीय आचार्य त्यापूर्वीच होऊन गेला होता. तो म्हणजे बारूख स्पिनोझा (१६३२-१६७७).

स्पिनोझाचा ईश्वर

स्पिनोझा अ‍ॅमस्टरडॅमच्या ज्यू समाजात जन्मला. १६५६ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याच समाजाने त्याला बहिष्कृत केले. पुढे भिंगे घासण्याचा व्यवसाय करीत तो साधेपणाने राहिला. १६७३ साली हायडलबर्ग विद्यापीठाने देऊ केलेले अध्यापकपद त्याने विचारस्वातंत्र्याच्या काळजीने नाकारले. 'नीतिशास्त्र' हा त्याचा मुख्य ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६७७ साली प्रकाशित झाला.

त्याच्या मते सत् तत्त्व एकच आहे. त्यालाच ईश्वर म्हणा अथवा निसर्ग म्हणा. हा ईश्वर विश्वाबाहेर बसून आज्ञा देत नाही, कोणावर रागावत नाही, नवसाने प्रसन्न होत नाही. जे घडते ते त्याच्या स्वरूपातून अटळपणे घडते. हे ऐकून अनेक समकालीनांनी स्पिनोझाला नास्तिक ठरविले. पुढे जर्मन कवी नोव्हालिसने त्यालाच ईश्वरप्रेमाने धुंद झालेला पुरुष म्हटले. एकाच माणसाविषयी इतकी परस्परविरोधी मते झाली, यातच आपल्या प्रश्नाचे मर्म आहे.

साम्य आणि भेद

प्रथम साम्य प्रामाणिकपणे मान्य करू. विश्वाबाहेर राहून चमत्कार करणारा, स्तुतीने संतुष्ट होणारा कर्ता दोघांनाही मान्य नाही. निसर्गाचे नियम अखंड आहेत, हेही दोघे मानतात. याच कारणास्तव रिचर्ड डॉकिन्स यांनी २००६ सालच्या आपल्या ग्रंथात सर्वेश्वरवाद ही नास्तिकतेचीच नटविलेली आवृत्ती असल्याचे मत मांडले.

परंतु तीन ठिकाणी वाटा फुटतात. पहिला भेद चैतन्याविषयी आहे. बहुतेक आधुनिक नास्तिकांच्या मते जड द्रव्य मूळ असून चैतन्य हे मेंदूच्या रचनेतून मागाहून उद्भवते. स्पिनोझाच्या मते विचार आणि विस्तार ही एकाच सत् तत्त्वाची समान मूलभूत अंगे आहेत. एकातून दुसरे निपजत नाही.

दुसरा भेद वृत्तीचा. निसर्ग पाहून नास्तिकही थक्क होतो, पण त्याच्या दृष्टीने तो पूज्य ठरत नाही. स्पिनोझाला मात्र ईश्वराविषयीचे ज्ञानयुक्त प्रेम हेच मनुष्याचे परम कल्याण वाटते. या प्रेमाच्या बदल्यात ईश्वराने आपल्यावर प्रेम करावे, अशी अपेक्षा भक्ताने ठेवू नये, असेही तो सांगतो.

तिसरा भेद दुःखाविषयी आहे, आणि येथे सर्वेश्वरवादाची बाजू अवघड होते. सर्व जर ईश्वर, तर रोगराई आणि अत्याचार हेही ईश्वरच का? नास्तिकाला हा पेच पडत नाही. निसर्ग उदासीन आहे एवढे म्हणून तो दुःखनिवारणास लागतो. चांगले-वाईट हे मनुष्याच्या दृष्टीने ठरते, हे स्पिनोझाचे उत्तर पोळलेल्या मनाला पुरेसे वाटेलच असे नाही.

आपली परंपरा

आपली परंपरा केवळ सर्वेश्वरवादी आहे, असे म्हणणे अपुरे होईल. पुरुषसूक्तात सर्व भूतमात्र हा त्या पुरुषाचा एक पाद, तर उरलेले तीन पाद विश्वापलीकडे अमृतरूप असल्याचे वर्णन आहे. म्हणजे ईश्वर विश्वात आहे, पण विश्वाएवढाच नाही. शांकर वेदान्तात जग हा ब्रह्मावरील भास आहे. ज्ञानेश्वर महाराजांनी 'अमृतानुभवा'त जगाला भास न मानता चैतन्याचा विलास मानले. शिवाय ज्ञानेश्वरांच्या अद्वैतात भक्ती मावळत नाही. स्पिनोझाच्या निरपेक्ष प्रेमापाशी येथे वारकऱ्याची विठूमाउली उभी आहे, आणि ती लेकराची वाट पाहते.

आचरणाची कसोटी

तरीही मुलांचा प्रश्न शिल्लक राहतो, आणि त्याचे उत्तर केवळ शब्दांनी देता येत नाही. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड एकनाथ महाराजांनी तहानेने तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी केली, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. ईश्वर सर्वांत आहे या वाक्याचा अर्थ तेथे डोळ्यांना दिसतो. दुसऱ्या बाजूस, आंध्रातील निरीश्वरवादी कार्यकर्ते गोरा यांनी ईश्वराचे नाव न घेता अस्पृश्यतेविरुद्ध आयुष्य वेचले. आपल्या कन्येचा विवाह त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील तरुणाशी १९४८ साली सेवाग्राम येथे लावला. महात्मा गांधींनी त्यांच्याशी आदराने संवाद केला होता.

तात्पर्य, चराचरांत ईश्वर आहे असे म्हणून जो दारातील माणसाला दूर लोटतो, त्याचा सर्वेश्वरवाद शब्दापुरताच उरतो. त्याच्या बाबतीत मुलांचा आक्षेप खरा ठरतो. ज्याला समोरच्या जिवाशी वागताना त्या वाक्याची आठवण राहते, त्याच्या बाबतीत फरक उरतो, आणि तो मोठा असतो. भाविकांनी आपल्या मुलांशी या विषयावर मोकळेपणाने बोलावे, त्यांना नास्तिक म्हणून हिणवू नये, ही नम्र विनंती. सर्वांना सद्बुद्धी लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.