हर्मिट घोडा आणि बीजाची परीक्षा

शेतकऱ्यांस घोड्यांच्या शर्यतीशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. परंतु वळू निवडतांना आपण नेहमीं एक चूक करतों. ती ध्यानांत यावी म्हणून इंग्लंडांतील एका घोड्याची हकीकत येथें देतों.

सन १८६७ मध्यें एप्सम येथें डर्बीची शर्यत व्हावयाची होती. हेन्री चॅप्लिन यांचा हर्मिट घोडा तींत होता. शर्यतीस थोडे दिवस उरले असतां दौडीच्या सरावांत त्याच्या नाकावाटें रक्त वाहिलें व लोकांनीं त्याची आशा सोडली. त्याचा भाव एकास सहासष्ट इतका झाला. शर्यतीचे दिवशीं, २२ मे रोजीं, कडाक्याच्या थंडींत बर्फ पडत असतां तीस घोड्यांत हर्मिट मानेच्या अंतरानें पहिला आला. त्याच्याविरुद्ध पैजा लावणारे हेस्टिंग्जचे मार्क्विस लाखाहून अधिक पौंड हरले.

एवढ्यावरून हर्मिटचें बीज उत्तम ठरलें काय? नाहीं. एका दिवसाचा जय दैवाचाही असूं शकतो. त्याची खरी परीक्षा पुढें ब्लँकनी येथील पागेंत झाली. १८८० पासून १८८६ पर्यंत, सलग सात वर्षें, ब्रिटनमध्यें त्याच्या संततीनें सर्वांत अधिक बक्षिसें मिळविलीं. त्याची शॉटओव्हर ही घोडी १८८२ ची, तर सेंट ब्लेझ हा घोडा १८८३ ची डर्बी जिंकला. सेंट ब्लेझ अमेरिकेंत नेला गेला आणि १८९० सालीं तेथेंही पैदाशीच्या घोड्यांत पहिला ठरला.

परंतु गुणाबरोबर दोषही उतरतो. हर्मिटच्या मुलीचा मुलगा गॅलिन्यूल १९०४ व १९०५ सालीं पैदाशींत अग्रेसर ठरला. मात्र त्यालाही नाकावाटें रक्त वाहण्याचा विकार होता. वेगानें धावतांना हा रक्तस्राव फुप्फुसांतून होतो, व त्याची प्रवृत्ति कांहीं अंशीं आनुवंशिक असते, असें पुढील संशोधनांत दिसून आलें.

मीं स्वतः एकदां प्रदर्शनांतील पदक पाहून वळू पसंत केला व दोन गाई फळविल्या. कालवडी दिसण्यांत देखण्या निघाल्या, पण दुधास उण्या. ही चूक कळावयास चार वर्षें लागलीं, आणि तेवढ्या वर्षांचा वैरणकाडीचा खर्च अंगावर पडला.

म्हणून पदक अवश्य पाहावें, परंतु तेथेंच थांबूं नये. वळूच्या कालवडींचें दूध, गोऱ्ह्यांचे पाय व खांदे, आणि घराण्यांतील व्यंग यांची चौकशी त्याच्या गांवीं जाऊन करावी. वळूची खरी किंमत त्याच्या संततींत दिसते.